दोऱ्यांची खोली, नळ्यांची खोली

३ मार्च

प्रिय दोरे,

आधी खालची सही बघितली असशील. हो, मीच. सत्तावीस वर्षांनी. शिव्या द्यायच्या असतील तर पत्र संपेपर्यंत दम धर.

तुझा पत्ता आपल्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या काकांच्या मुलीकडून मिळाला. ती फोन नंबरही देत होती, मीच घेतला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर इकडच्या तिकडच्या गप्पा मारून मी फोन ठेवून दिला असता.

आपली संस्था जुनी इमारत सोडतेय. जूनअखेर सगळं बिऱ्हाड नव्या जागेत. मी आता इथली प्रमुख आहे (हस, मलाही अजून हसू येतं), त्यामुळे काय न्यायचं आणि काय टाकायचं हे ठरवणं माझ्या गळ्यात पडलंय. काल दोऱ्यांच्या खोलीतलं शेवटचं कपाट उपसलं. तळाशी तुझ्या अक्षरातला फोटोंचा डबा निघाला. पेशी ओढतात तेव्हा त्यांच्याखालच्या रबरी पापुद्र्यावर पडणाऱ्या सुरकुत्यांचे फोटो, प्रत्येकाच्या पाठीवर तारीख आणि तुझा शेरा. एकावर लिहिलंयस, "ही बया आज फारच ओढतेय."

तिथेच खाली बसले. काय दिवस होते गं! एका कॉरिडॉरच्या इकडे तुम्ही, तिकडे आम्ही. पेशीचा आकार कोण ठरवतं? तुमचे सर म्हणायचे, पातळ दोऱ्या. त्याच आवळतात, त्याच ओढतात. आमच्या बाई म्हणायच्या, पोकळ नळ्या. त्या आतून ताठ उभ्या असतात म्हणून पेशीला पेशीपण आहे, शिवाय सगळी मालवाहतूक त्यांच्यावरून. दोघं एकाच टेबलावर चहा प्यायचे आणि एकमेकांचे निबंध वाचायचे नाहीत. आपल्याला नावंही त्यावरूनच पडली. आणि जिन्याखालचा तो शहाणा आठवतो? तिसऱ्या, मधल्या जाडीच्या तंतूंवर काम करायचा, त्याला कुणी खोलीसुद्धा दिली नव्हती.

निरोपाच्या दिवशी माझं भाषण आहे, पेशीच्या सांगाड्यावर. त्यासाठी विचारते, तुझी त्या शेवटच्या महिन्याची वही तुझ्याकडे आहे का? नसली तरी चालेल. पण लिही.

तुझी,
नळी

१४ मार्च

नळे, नालायके,

सत्तावीस वर्षांनी पत्र लिहितेस आणि वही मागतेस! निदान "कशी आहेस" तरी विचारायचं.

बरी आहे. शाळेत विज्ञान शिकवते. नवरा जमिनी मोजतो, घरात मात्र त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही. मुलगी वकिली शिकतेय आणि सराव म्हणून माझी उलटतपासणी घेते. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. केस पांढरे झाले, रंगवत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, त्यातलं एकदा वर्गात, मुलं चाचणी लिहीत असताना. अगं, मला त्या इमारतीचा वास आला. थंड खोलीबाहेर खुंटीवर टांगलेला तो सगळ्यांचा मिळून एक स्वेटर, त्याच्या कोपरांवर चार रंगांची रफू. आत जाताना जो घालेल त्याला आधीच्याची ऊब मिळायची. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचा काळा पडदा, आणि त्यामागे पेशी मोजताना तुझं बेसूर गाणं. जिन्याखालचा आपल्या भांडणात डोकं बाहेर काढून म्हणायचा, "बायांनो, ओढणारे आणि उभे राहणारे दोघंही थकतात, तेव्हा मधलेच तग धरतात." आपण त्याला चहा देऊन गप्प करायचो. बिचारा.

वही आहे. माळ्यावर होती, काढली. पण भाषणात तिचं काय करणार? शेवटचा महिना तुला ठाऊकच आहे. माझ्या औषधानं दोऱ्या सैल पडतात का, हे बघत होते मी. शेजारी तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना नुसता साधा द्रावक द्यायचा, म्हणजे त्यांना काही व्हायला नको. आणि त्याच पेशी वेड लागल्यासारख्या आवळायला लागल्या. एकदा नाही, सलग तीन दिवस. सर म्हणाले, "जिची तुलनाच बिघडलेली, तिच्या सहा महिन्यांच्या आकड्यांवर मी विश्वास कसा ठेवू?" पुढे त्यांनी कागदावर एक शब्द लिहिला, निष्काळजीपणा. तो वाचून मी सामान बांधलं.

खरं सांगू? पुढे त्याचं फार वाईट वाटणं थांबलं. सवय राहिली, एवढंच. शाळेत प्रयोग मी स्वतः करून दाखवत नाही. मदतनीस ताई ओततात, मी लांबून बोलते. सासूबाईंचं औषध शेवटपर्यंत मुलीनं मोजलं. घरातले हसतात. मी सांगते, माझ्या डोक्यावर विश्वास ठेवा, हातांवर नको.

आणि एक. तू तेव्हा सरांकडे जाऊन माझ्यासाठी बोलली होतीस. "तिला एक संधी द्या" म्हणालीस, हे काकांनी मला सांगितलं होतं. आभार मानायचे राहून गेले होते. आज मानते.

तुझी,
दोरी

९ एप्रिल

प्रिय दोरी,

उशीर झाला. चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

तुझे आभार मला नकोत.

त्या आठवड्यात आमच्या खोलीतला फ्रीज बिघडला होता, म्हणून माझ्या कुप्या तुमच्या फ्रीजमध्ये होत्या. तुला आठवेल, कुप्या एवढ्याशा, अंगावर लिहायला जागा नाही, म्हणून आपण सगळेच झाकणावर लिहायचो. आणि म्हणूनच नियम होता, एका वेळी एकच कुपी उघडायची. सोमवारी सकाळी माझा द्रावक संपला होता. तुझ्यातला थोडा घ्यावा म्हणून मी दोन्ही कुप्या एकदम उघडल्या, माझ्या औषधाची आणि तुझ्या साध्या द्रावकाची. दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. कुणीतरी हाक मारली, मी झाकणं लावली आणि गेले.

झाकणं उलटी लागली होती, दोरी.

तू "साधा" वाचून जे घालत होतीस ते नळ्या विरघळवणारं माझं औषध होतं. तुझे हात एकदाही चुकले नव्हते.

पुढचं सांगायची मला जास्त लाज वाटते. चार वर्षांनी मी तोच प्रयोग मुद्दाम केला. तुझ्यासारखाच रबरी पापुद्रा, माझं औषध. नळ्या गेल्या आणि दोऱ्या आवळल्या, जशा तुझ्या ताटलीत आवळल्या होत्या. मग कारण शोधत बसले. नळ्यांच्या अंगाला एक निरोप्या रेणू चिकटून असतो. नळी शाबूत असेतो तो गप्प असतो. ती विरघळली की तो सुटतो आणि दोऱ्यांना कामाला लावतो. म्हणजे दोन्ही खोल्या खऱ्या होत्या आणि दोन्ही अर्ध्या. आज कुणालाही विचार, सांगेल की नळ्या, दोऱ्या आणि मधले तंतू एकमेकांना धरून असतात, तिघांना जोडणारे वेगळे रेणूही सापडलेत. आपल्या इमारतीत मात्र दोघींचं काम एका ताटलीत यायला माझा गलथानपणा लागला. माझं नाव झालं ते या कामावर. त्याची पहिली ताटली तुझी होती.

भाषणासाठी वही मागितली हे निमित्त होतं. मला बघायचं होतं की तुला कळलंय का. तुझ्या पत्रावरून समजलं, तुला काहीच कळलेलं नाही.

नळी

२० एप्रिल

पत्र मिळालं.

एकच विचारते. झाकणांचं तुला कधी कळलं? मी तिथे असताना, की मी गेल्यावर?

गोलगोल लिहू नकोस.

२७ एप्रिल

दोरी,

तू असताना.

तिसऱ्या दिवशी. मी माझ्या पेशी बघितल्या तर नळ्या जशाच्या तशा. औषध घालूनही एकही नळी विरघळली नव्हती. म्हणजे माझ्या कुपीत औषध नव्हतं. मग ते कुठे आहे हे कळायला मला कॉरिडॉर ओलांडण्याइतकाही वेळ लागला नाही. त्यानंतर तू सोळा दिवस तिथे होतीस. आपण रोज जेवायला एकत्र बसत होतो.

गुपचूप झाकणं बदलली. वाटलं, आता तिचे आकडे सुधारतील आणि प्रकरण मिटेल. पण सरांनी तोवर तुझं काम थांबवलं होतं. बाईंनी मला कुप्यांवरून आधी दोनदा बजावलं होतं, तिसऱ्यांदा झालं तर घरी जा म्हणाल्या होत्या. मी घाबरले. "तिला एक संधी द्या" म्हणाले ते खरं. त्या एका वाक्यावर मी स्वतःला पुष्कळ वर्षं भली समजत आले.

भाषणात सगळं सांगते. व्यासपीठावरून, सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन. तू फक्त हो म्हण.

नळी

२२ मे

नळे,

महिना गेला. या महिन्यात काय काय झालं ते ऐक.

आधी आठवडाभर मी शाळेतून आले की खोलीचं दार लावून घेत होते. नवऱ्यानं चष्मा स्वतः शोधला, यावरून समज. मग मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, लेखी कबुली आहे, आपण दावा ठोकू." मी म्हटलं, कशाबद्दल? सर गेले, बाई गेल्या. जी पोरगी सामान बांधून निघाली ती पण कुठे उरलीय?

राग झाकणांचा नाही गं. झाकणं कुणाकडूनही उलटी लागतात. राग त्या सोळा दिवसांचा आहे. सोळा दिवस मी तुझ्यासमोर माझे हात उलटेपालटे करून बघत होते. "नळे, माझं कुठे चुकतंय सांग ना," म्हणत होते. आणि तू मला लोणी लावलेला पाव देत होतीस.

तरी मेलं मन असं की त्या पावाचीही आठवण येते.

आता व्यासपीठाचं. अजिबात नाही. तू रडवेल्या आवाजात कबूल करशील, सभागृह उभं राहील, आणि टाळ्या तुला मिळतील. "केवढा हा प्रामाणिकपणा!" मी पहिल्या रांगेत बिचारी म्हणून बसणार. नको.

मला दुसरं काहीतरी हवंय. परवा शाळेत मदतनीस ताई रजेवर होत्या. मुलं ताटकळलेली. मी बाटली उचलली आणि ओतलं. आम्लात आम्लारी, थेंबाथेंबानं. रंग नेमक्या थेंबाला बदलला. पोरांना काही विशेष वाटलं नाही, मी मात्र तास संपल्यावर अर्धा तास त्याच वर्गात बसून होते.

तर, इमारत रिकामी व्हायच्या आधी मला तो प्रयोग करायचाय. दोऱ्यांच्या खोलीत, माझ्या हातानं. पेशी, पापुद्रा, औषध, सूक्ष्मदर्शक, सगळ्याची सोय कर. तू खोलीत यायचं नाहीस. दाराबाहेर उभी राहा.

११ जूनला येते.

दोरी

१९ जून

प्रिय नळे,

घरी पोचले. जुनी वही तुझ्या टेबलावर ठेवून आले, पण त्या दिवशी आपण फार कमी बोललो, म्हणून लिहिते.

तू म्हातारी दिसतेस. मला आतून थोडं बरं वाटलं, लपवत नाही.

पहिल्या ताटलीत माझ्याकडून औषध काठावर सांडलं. तुझी ती विद्यार्थिनी, चुणचुणीत आहे, म्हणाली, "असू दे मॅडम, आमचंही सांडतं." आमचंही सांडतं! इतक्या सहज. मला कुणी तेव्हा असं म्हणालं असतं तर? असो. दुसरी ताटली मी एकटीनं लावली. औषध घातलं, घड्याळ लावलं आणि डोळा भिंगाला लावून बसले.

अर्ध्या तासात सुरुवात झाली. पापुद्रा चहूबाजूंनी गोळा व्हायला लागला, चादर मुठीत धरून ओढावी तसा. तेच चित्र, नळे. सत्तावीस वर्षं ज्याला मी माझी चूक म्हणत आले ते किती सुंदर होतं! तेव्हा रडून रडून मी ते नीट बघितलंच नव्हतं. मग औषध धुऊन काढलं. मधोमध नळ्या पुन्हा उगवायला लागल्या, काठाकडे सरकल्या, आणि सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या. पोरीनं नंतर तिन्ही रंगवून दाखवले, तांबड्या दोऱ्या, हिरव्या नळ्या आणि त्यांच्यामधून सगळीकडे गेलेले निळे तंतू. जिन्याखालच्याला हे दाखवायला हवं होतं. तो कुठे असतो, तुला माहीत आहे का?

पोरगी सांगत होती की नळ्यांची टोकं दोऱ्यांच्या वाटेनं काठापर्यंत जातात, आणि पेशीनं जिथे पाय रोवलाय तिथे पोचली की तो पाय सुटतो. म्हणून पेशी पुढे सरकते. छान आहे. पण तू याची गोष्ट करून मला ऐकवू नकोस. पेशीला माफी कळत नाही, ती आपली सरकते.

मी तुला माफ केलं का, तेही विचारू नकोस. मला स्वतःलाच नीट ठाऊक नाही. काही दिवशी केलेलं असतं, काही दिवशी नसतं. बाहेर आले तेव्हा तू भिंतीला टेकून उभी होतीस, चार तास, खुर्ची न घेता. त्या दिवशी केलेलं होतं.

आता काम. इथे शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघतंय. विज्ञानाच्या शिक्षकांना हातानं प्रयोग करायला शिकवणारं माणूस हवंय त्यांना. मी अर्ज केलाय. हो, मी! मुलाखतीला मुलगी सोबत येणार म्हणते, मी नको म्हटलं. त्यांना पूर्वी जिथे काम केलं तिथलं शिफारसपत्र लागतं. सरांनी मला ते दिलं नव्हतं. तू तिथली प्रमुख आहेस. तू दे.

काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

तुझी,
दोरी

२६ जून

मा. संचालक,
शिक्षक प्रशिक्षण केंद्र

स. न. वि. वि.

आपल्याकडे प्रयोग-प्रशिक्षक पदासाठी आलेल्या अर्जासोबत हे शिफारसपत्र देत आहे. अर्जदारांना मी एकोणतीस वर्षांपासून ओळखते. या संस्थेत त्या पेशीच्या सांगाड्यावर संशोधन करीत होत्या व मी समोरच्या खोलीत होते.

आमच्या दप्तरात त्यांच्या जाण्याचे कारण "कामातील निष्काळजीपणा" असे नोंदलेले आहे. ती नोंद चुकीची आहे. निष्काळजीपणा झाला होता. तो माझा होता. दोन कुप्या एका वेळी उघडून त्यांची झाकणे मी उलटी लावली. तिसऱ्या दिवशी हे माझ्या लक्षात आले व मी ते कोणालाही सांगितले नाही. त्याची शिक्षा अर्जदारांना झाली. दप्तरातील नोंद मी आज माझ्या सहीने दुरुस्त केली असून तिची प्रत सोबत जोडली आहे. आपण ती कोणालाही दाखवू शकता.

त्या दिवसांत अर्जदारांनी केलेली प्रत्येक नोंद मी आता तपासली आहे. त्यांनी जे पाहिले तेच लिहिले; जे समजले नाही तिथे "समजले नाही" असे लिहिले. त्यांचे वरिष्ठ ते खोटे मानत असतानाही त्यांनी एकही आकडा बदलला नाही. ते सर्व आकडे बरोबर होते. याच महिन्यात तो प्रयोग त्यांनी येथे पुन्हा केला. पहिल्या वेळी थोडे औषध सांडले, ते त्यांनी वहीत लिहिले. दुसऱ्या वेळी काहीही सांडले नाही.

आपल्या नमुन्यात "अर्जदाराच्या हातांवर आपण किती विश्वास ठेवाल" असा रकाना आहे. माझ्या स्वतःच्या हातांपेक्षा जास्त, असे मी तिथे लिहिले आहे.

हे पत्र सत्तावीस वर्षे उशिरा देत आहे. उशिराचा दोष अर्जदारांना लावू नये, ही विनंती.

आपली,
संस्थाप्रमुख